‘एनी क्वेश्चन्स?’ म्हटलं की सगळे खाली बघतात

प्रश्न: ताई, एप्रिलपासून मी जपानमध्ये एका सरकारी ज्युनियर हायस्कूलमध्ये एएलटी, म्हणजे असिस्टंट लँग्वेज टीचर आहे. मुलं १२ ते १५ वर्षांची, एका वर्गात ३५. काहीही विचारलं तरी शांतता, टाचणी पडली तर ऐकू येईल. ‘हाऊ आर यू’ म्हटलं की सगळे एका सुरात ‘आयॅम फाइन थँक्यू अँड यू’, की संपलं. जपानी बाई पुस्तक पुढे रेटत असतात आणि मी टेपरेकॉर्डरसारखी धडा वाचून दाखवते. घरी आले की रडूच येतं. मला शिकवता येत नाही का? (कृपया नाव छापू नका.)

उत्तर: अगं आधी डोळे पूस. हे माझ्याही वर्गात झालंय, आणि मी तर पहिले दोन महिने मनातल्या मनात मुलांना ढ ठरवून मोकळी झाले होते. मग एकदा मागच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघायची बुद्धी झाली आणि लक्षात आलं की प्रश्न विचारून मी जेमतेम तीन सेकंद थांबते आणि घाबरून स्वतःच उत्तर देऊन टाकते. तीन सेकंदांत त्या पोराने प्रश्न समजून घ्यायचा, उत्तर जपानीत सुचायला हवं, मग त्याचं इंग्लिश करायचं, आणि वर ३४ जणांसमोर चुकलो तर काय ही धाकधूक आहेच. मी असते तर मीही खालीच बघितलं असतं.

तर एक कर, प्रश्न सगळ्या वर्गाला टाकूच नकोस. टाकला तर लगेच म्हण, एक मिनिट शेजारच्याशी बोला. आणि मिनिटाने ‘तुझं उत्तर काय’ असं नाही विचारायचं, ‘शेजारचा काय म्हणाला’ असं विचारायचं. आता चूक झाली तरी ती शेजाऱ्याची, आपली नाही :) एवढ्या एका गोष्टीवर तोंडं उघडतात, खरंच.

दुसरं म्हणजे तू स्वतः चुका कर. मी एकदा फळ्यावर मांजर काढलं, चित्रकलेत मी पहिल्यापासून शून्य, ते इतकं भयानक झालं की शेवटच्या रांगेतला एक मुलगा, एप्रिलपासून ज्याचा आवाज ऐकला नव्हता, न राहवून म्हणाला, ‘नो. इट्स अ पिग.’ सगळा वर्ग हसला आणि मग काय, डॉग काय, बेअर काय, जो तो आपापला प्राणी सांगायला लागला. तेव्हापासून मी मुद्दाम चित्रं काढायचे.

बाईंवर रागावू नकोस गं. २०२१ पासून तिकडे ज्युनियर हायस्कूलचा नवा अभ्यासक्रम आलाय, आधी तीन वर्षांत साधारण १२०० शब्द शिकवायचे होते, आता १६०० ते १८००. तास तोच ५० मिनिटांचा, वर तिसऱ्या वर्षाला हायस्कूलची प्रवेश परीक्षा डोक्यावर. पुस्तक पूर्ण झालं नाही तर पालक त्यांना विचारणार, तुला नाही. त्यामुळे सगळा तास मागू नकोस, पहिली पाच मिनिटं माग. माझ्या बाईंनी आधी पाच दिली, मग दहा, आणि नंतर त्या स्वतःच माझ्या चित्राला हसायला उभ्या राहायच्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगू का, मुलांचं खरं इंग्लिश वर्गात ऐकू येतच नाही. जेवणानंतर मुलं स्वतः शाळा झाडतात पुसतात ना, तेव्हा तू स्टाफरूममध्ये बसून राहू नकोस, एक फडकं घे आणि जिना पुसायला जा. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी बादलीत फडकं पिळता पिळता माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘टीचर, यू लाइक डॉग?’ मी यस म्हटलं. बराच वेळ नुसती पिळत होती. मग, ‘माय डॉग इज ओल्ड. आय अ‍ॅम सॅड.’ एवढंच. दुसऱ्या दिवशी वर्गात ती परत मूग गिळून, आणि मीही तिला काही विचारलं नाही. पण पुढच्या आठवड्यात जिन्यावर कुत्र्याचं पुढचं बुलेटिन मिळालं.

प्रश्न: माझ्या वर्गातली जपानी मुलं ‘राइट’ आणि ‘लाइट’ दोन्हीला ‘राइतो’च म्हणतात. रोज सुधारतो, शून्य फरक. काय करावं?

उत्तर: भाऊ, त्यांच्या लिपीत र आणि ल ला मिळून एकच अक्षर आहे, कानालाच फरक कळत नाही तर जिभेला कुठून कळणार. आपण तरी ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ बोलताना कुठे एवढा विचार करतो! त्यापेक्षा ज्यादा स्वरांकडे बघा. त्यांच्या लिपीत ‘न’ सोडून बाकी व्यंजनं एकटी उभी राहत नाहीत, म्हणून ‘मिल्क’चं ‘मिरुकु’ होतं, म्हणजे एका टाळीचा शब्द तीन टाळ्यांचा. ऐकणारा खरा अडकतो तो तिथे. शब्द टाळ्या वाजवत म्हणायला लावा, १३ वर्षांच्या मुलांना टाळ्या वाजवायला आवडतात, १५ व्या वर्षी मात्र लाज वाटते, तिथे पेनने बाकावर टकटक करू द्या.

प्रश्न: ऑगस्टमध्ये मुलांना सुट्टी पण मला रोज स्टाफरूममध्ये बसवून ठेवतात. वेड लागायची पाळी आलीये.

उत्तर: खुर्ची सोडा आधी. सुट्टीतसुद्धा क्लबवाली मुलं शाळेत येतातच, बॅडमिंटन, ब्रास बँड, काय काय चालू असतं. कुणाला ऑक्टोबरमध्ये एइकेनची, म्हणजे तिकडच्या इंग्लिशच्या परीक्षेची, तिसरी लेव्हल द्यायची असेल तर त्यात तोंडी परीक्षाही असते, त्याची तयारी घ्या, मुलं आनंदाने येतात. मी बॅडमिंटनला जायचे. मला खेळता येत नव्हतं म्हणून मुलींनी मला स्कोअर मोजायला बसवलं, इंग्लिशमध्ये, आणि मी एक पॉइंट चुकले की चारी बाजूंनी ‘नो टीचर नो!’ वर्गात तोंड न उघडणाऱ्या त्याच पोरी बरं का.