मीटर मागे फिरवलेली गाडी: भांडण ट्रान्सफर केसवरून नको, खोट्या आकड्यावरून करा

प्रश्न : मी कराडजवळच्या खासगी शाळेत शिक्षक आहे. गाव पाटण तालुक्यात डोंगरावर, पावसाळ्यात शेवटचा टप्पा निव्वळ चिखलाचा. आई-वडील तिथेच राहतात. म्हणून चार महिन्यांपूर्वी पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून नऊ वर्षं वापरलेली, सात सीटची डिझेल फोर बाय फोर ६ लाख ७५ हजारांना घेतली. ६ लाख बँकेतून दिले, त्यातले ४ लाख पतसंस्थेच्या कर्जाचे. ७५ हजार रोख दिले, त्याची पावती नाही. जाहिरातीत आणि मीटरवर ८४ हजार किलोमीटर होते. महिन्याभरात फोर व्हील लावलं की खालून घरघर येऊ लागली. मेकॅनिक म्हणतो, ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारा भाग) उघडावी लागेल, खर्च ९० हजारांच्या आसपास. मग अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ओळखीच्या माणसाने जुनी नोंद दाखवली. चार वर्षांपूर्वीच गाडी १ लाख ६१ हजार किलोमीटर चालली होती! गाडी अजून माझ्या नावावर नाही, आरसीवर जुन्या फायनान्स कंपनीची एचपी, म्हणजे कर्जाच्या तारणाची नोंद, तशीच आहे, आणि ई-चलन जुन्या मालकाला जातं म्हणून तो चिडून फोन करतो. डीलर म्हणतो, 'जशी आहे तशी' या अटीखाली तुमची सही आहे. निम्मा खर्च द्यायला तयार आहे, पण 'कोणतीही तक्रार नाही' असं लिहून मागतो. गाडी परत करता येईल का? कर्जाचा हप्ता थांबवू का? तोवर गाडी चालवली तर चालेल का?

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सर्वांत तातडीचा आहे. आज जी स्थिती आहे, तिच्यात ही गाडी घाटात नेऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार गाडी विकली गेली की त्रयस्थ व्यक्तीपुरता विमा नव्या मालकाकडे गेला असं धरलं जातं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र असा आपोआप येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे फार पूर्वीच स्पष्ट केलं आहे. म्हणजे उद्या गाडी दरीकडे घसरली, तर दुरुस्तीचा एक रुपयाही हक्काने मागता येणार नाही. मालक-चालकासाठी असलेलं अपघात संरक्षणही जुन्या मालकाच्या नावावर आहे, तुमच्या नाही. विमा कंपनीला कळवण्याची १४ दिवसांची मुदत कधीच उलटून गेली आहे, तरीही विक्रीची पावती जोडून आजच लेखी कळवा.

आता त्या चिडलेल्या जुन्या मालकाबद्दल. त्याचा राग समजून घ्या. कायद्याच्या भाषेत मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे तो. फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: गाडी मधल्या काळात कितीही हातांतून गेली असली, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते. तुम्ही चालवत असलेल्या गाडीचा धोका आज त्याच्या डोक्यावर आहे. त्यामुळे गाडी तुमच्या नावावर व्हावी, ही तुमच्याइतकीच त्याचीही गरज आहे. शिवाय तो तुमचा सर्वांत मोलाचा साक्षीदार ठरू शकतो. त्याने गाडी डीलरकडे दिली तेव्हा मीटरवर किती किलोमीटर होते, हे त्याच्याइतकं नेमकं कोण सांगणार? या आठवड्यात त्याला भेटा. त्याच्याकडून तीन गोष्टी हव्यात: गाडी दिली त्या दिवसाचा कागद किंवा डीलरशी झालेले मेसेज, त्याच्या स्वतःच्या नावाने सर्व्हिस सेंटरकडून मागवलेला सर्व्हिसचा लेखी इतिहास, आणि कर्ज फिटलं असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी (ना हरकत पत्र). ओळखीच्या माणसाने पडद्यावर दाखवलेली नोंद पुरावा म्हणून पुरत नाही. नोंदणीकृत मालकाने मागितलेली शिक्क्याची प्रत मात्र टिकते. त्याने नकार दिला तरी ग्राहक आयोगापुढे तक्रार केल्यावर तिथे अर्ज करून सर्व्हिस सेंटरला ती नोंद हजर करायला सांगता येते.

तुमचा मुख्य वाद नेमका कशावर उभा आहे, हे आता पाहू. तुम्ही ट्रान्सफर केसवर उभे आहात आणि तिथे जमीन भुसभुशीत आहे. नऊ वर्षांच्या डिझेल फोर बाय फोरमध्ये बेअरिंग, चेन, प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट झिजणारच, असं डीलर म्हणेल आणि ते पूर्ण खोटं नाही. वस्तू विक्री अधिनियम, १९३० चं कलम १६ जुन्या मालाच्या खरेदीदाराला फारसं पंखाखाली घेत नाही. वस्तू तपासून घेतली असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषांची तक्रार करता येत नाही. 'जशी आहे तशी' हे शब्द झिजलेल्या भागांपुरते डीलरला बऱ्यापैकी वाचवतील. शिवाय तो असंही म्हणू शकतो की तुम्हीच कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून गाडी चालवली. यात तथ्य असू शकतं. अशा गाड्यांमध्ये बहुधा मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक सांभाळणारा भाग) नसतो, वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू पाहतात आणि तो ताण थेट ट्रान्सफर केसवर येतो. तुम्ही असं केलं असेल तर मला नाही, तर निदान तुमच्या वकिलाला आधी सांगा.

किलोमीटरचा आकडा मात्र वेगळा. ८४ हजार हे डीलरने केलेलं विधान आहे, जाहिरातीत छापलेलं. कोणत्याही अटीखालची सही खोट्या विधानाला झाकत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये वस्तूच्या दर्जाबद्दल खोटं किंवा दिशाभूल करणारं सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम १७ ते १९ खालीही फसवणुकीने संमती मिळवून झालेला करार तुम्हाला रद्द करता येतो.

'मीटर मी नाही फिरवला, गाडी माझ्याकडे अशीच आली' हा डीलरचा पुढचा बचाव असेल. इथे जुना मालक निर्णायक ठरतो. त्याने १ लाख ९० हजारांवर गाडी दिल्याचं सिद्ध झालं, तर मीटर डीलरच्या ताब्यात फिरला हे उघड आहे आणि ती सरळ फसवणूक आहे. त्याने ८० हजारांवर दिली असेल, तर डीलरने दुसऱ्याचं खोटं पुढे सांगितलं एवढंच उरतं. अशा वेळी करार कायद्याचं कलम १९ विचारतं की साधी चौकशी करून तुम्हाला खरं कळलं असतं का, आणि कळणं शक्य असेल तर करार रद्द करण्याचा हक्क अडतो. प्रत्यक्ष फसवणुकीला ही पळवाट नाही. ग्राहक आयोगापुढे मात्र दुसऱ्या परिस्थितीतही तुमची बाजू बरी आहे, कारण धंदा करणाऱ्याने आकडा छापताना तो तपासायला हवा होता.

डीलर 'मी फक्त मध्यस्थ' असंही म्हणेल. त्यासाठी ६ लाख कोणाच्या खात्यात गेले, ते बँकेच्या उताऱ्यावर दाखवा. १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी नियम ५५ए ते ५५एच आले आहेत. डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं, गाडी ताब्यात आली की फॉर्म २९सी भरायचा, आणि तेव्हापासून तोच मानीव मालक, म्हणजे कायद्याने मालक धरला जाणारा. त्याने हे केलं होतं का, याची आरटीओकडे लेखी चौकशी करा. केलं असेल तर 'मध्यस्थ' हा शब्द संपला. केलं नसेल तर विनापरवाना धंद्याचा मुद्दा तुमच्या तक्रारीत येतो.

ट्रान्सफर केस लगेच उघडू नका. आधी डीलरला स्पीड पोस्टाने आणि ईमेलने नोटीस द्या: अमुक तारखेला अमुक वर्कशॉपमध्ये उघडणार आहोत, तुम्ही किंवा तुमचा माणूस हजर राहा. उघडताना चित्रीकरण करा, काढलेलं ऑइल बाटलीत आणि काढलेले भाग पिशवीत जपून ठेवा, वर्कशॉपच्या लेटरहेडवर अहवाल घ्या. त्याच वेळी क्लच, टर्बो, इंजेक्टर आणि चासीची (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याची) तपासणी करून घ्या. चासीला तडा किंवा वेल्डिंग आहे का, हे खास बघायला सांगा. जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं मूळ फोनमध्ये तसंच राहू द्या. हा डिजिटल पुरावा सादर करायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागेल, ते वकील तयार करून देतील.

परत करायची की ठेवायची? माझं मत स्पष्ट आहे. अहवालात चासी किंवा मोठ्या अपघाताची दुरुस्ती निघाली, तर परत करा, कारण म्हातारे आई-वडील आणि मुलं त्यात बसणार आहेत. तसं काही नसेल, तर पावणेदोन-दोन लाख चाललेली चासीवरची डिझेल गाडी नीट राखली तर चालते. पण मग किंमत दोन लाख चाललेल्या गाडीची हवी, ८४ हजारांची नको. ठेवून किमतीतला फरक, ट्रान्सफर केसचा खर्च आणि मनस्तापाची भरपाई मागणं हे पूर्ण परताव्यापेक्षा मिळवायला सोपं आहे. परत करायची असेल तर मात्र आजपासून गाडी उभी करा आणि नोटिशीत तसं लिहा. खरं कळल्यावरही वापरत राहिलात, तर तुम्ही व्यवहार मान्य केला असं म्हटलं जाईल. ठेवणार असाल तर मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० पुरे करून गाडी नावावर करून घ्या, उशिराचं शुल्क भरा, आणि 'माझे सर्व हक्क राखून' हे डीलरला लेखी कळवा.

तक्रार पुण्यात करायची गरज नाही. तुम्ही राहता त्या सातारा जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. 'वाद पुणे न्यायालयात' असं पावतीवर छापलेलं असलं, तरी त्याने तो हक्क सहसा जात नाही. मोबदला ५ ते १० लाखांच्या दरम्यान असल्याने शुल्क फक्त २०० रुपये, आणि दावा दोन वर्षांच्या आत. ७५ हजार रोखीचा उल्लेख जरूर करा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर डीलरने ती रक्कम कुठे मान्य केली आहे का, एवढं शोधा. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार शक्य आहे, पण मीटरचा लेखी पुरावा हाती येईपर्यंत थांबा. त्याआधी गेलात तर 'हा दिवाणी वाद आहे' असं सांगून परत पाठवतील.

हप्ता थांबवू नका. पतसंस्थेने तुम्हाला कर्ज दिलं आहे, गाडी विकलेली नाही. हप्ता चुकला तर वसुली तुमच्यावर आणि जामीनदारांवर येईल.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही. डोंगरी गाड्यांवर आधीच्या मालकाने समोर लोखंडी बुल बार, उंच केलेलं सस्पेन्शन, मोठे टायर लावलेले असतात. तुमच्या गाडीवर असतील तर काढून मूळ मापाचं बसवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा कैदही होऊ शकते, आणि 'मी लावलं नाही' हे उत्तर रस्त्यावर चालणार नाही. काढण्याआधी फोटो घ्या.

डीलरचा निम्म्या खर्चाचा प्रस्ताव आहे तसा नाकारा, पण बोलणं तोडू नका. गाडी नावावर करून देणं, एचपी उतरवणं, तोपर्यंतची चलनं भरणं आणि किमतीतला फरक, या चार गोष्टी एकाच लेखी तडजोडीत आल्या आणि रक्कम बँकेत जमा झाली, तरच 'तक्रार नाही' यावर सही करा. रक्कम येण्याआधी नाही, आणि कोऱ्या कागदावर कधीच नाही. नोटिशीत १५ दिवसांची मुदत द्या आणि सोळाव्या दिवशी सातारच्या आयोगात तक्रार दाखल करा.