घरात वारी आहे आणि जेनेटिक्स शिकायचंय, जमेल का?

मुक्ताईनगरच्या बारावीतल्या मुलाचा हा प्रश्न. जेनेटिक्स म्हणजे जनुकांचं, आनुवंशिकतेचं शास्त्र. जमेल रे, नक्की जमेल.

जनुकशास्त्रज्ञ फ्रान्सिस कॉलिन्स यांचंच बघ. जन्म १९५० चा, अमेरिकेतला. तरुणपणी नास्तिक. डॉक्टरकी शिकताना हृदयविकाराच्या एका वयस्कर बाईंनी विचारलं, तुमचा कशावर विश्वास आहे? त्यांना उत्तर सुचेना. तिथून वाचन सुरू झालं आणि सत्ताविसाव्या वर्षी ते ख्रिस्ती झाले. प्रश्न टाळला नाही, हे मला फार भावतं. पुढे १९८९ मध्ये सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसांना ग्रासणाऱ्या आनुवंशिक आजाराचं जनुक शोधणाऱ्यांत ते होते. १९९३ पासून मानवी जनुकसंचाचा, म्हणजे माणसाचा डीएनए वाचण्याचा प्रकल्प त्यांनी सांभाळला, तो २००३ मध्ये पूर्ण झाला. उत्क्रांती मात्र ते ठामपणे मानतात; श्रद्धेसाठी पुरावा वाकवला नाही.

आपल्या नंदुरबारच्या पाड्यांवर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. डीएनएतलं एकच अक्षर बदलतं, तेवढ्याने रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. आई-वडील दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी दोघांत हे बदललेलं जनुक असलं, तर प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता २५ टक्के. इथे नवस पुरत नाही, लग्नाआधी रक्त तपासावं लागतं. मुक्ताईच्या पालखीत चालणाऱ्याने हे घरोघरी सांगितलं, तर लोक जास्त ऐकतील असं मला मनापासून वाटतं.

आणि गणित सोडू नकोस, जेनेटिक्सला आकडेमोड खूप लागते.