राणीमुंगी सापडली, आता काय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मुंग्यांचे राण्या-नर मिलनासाठी उडतात ते उड्डाणाचे दिवस आले की, राणी पकडून घरी मुंग्यांची कॉलनी (राणी आणि तिच्या मुंग्यांचं कुटुंब) पाळू पाहणाऱ्यांकडून मला रोज तेच फोटो येतात, तळहातावर एक पंखवाला जीव आणि खाली "मॅडम, ही राणीच ना?" एकेकाला वेगळं उत्तर देणं आता होत नाही, म्हणून सगळ्यांना इथेच.

प्रश्न: काल रात्री दिव्याखाली शेकडो पंखवाल्या मुंग्या जमल्या होत्या. त्यात राणी कुठली?

आधी त्या मुंग्या होत्या का ते बघा. मला येणाऱ्यातले कितीतरी फोटो चक्क वाळवीचे असतात. वाळवीला कंबर नसते, चारही पंख एकसारखे लांब आणि मिशा सरळ, मण्यांच्या माळेसारख्या. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरात वाकवल्यासारख्या, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. एवढं जुळलं तर पुढे या: राणीचा छातीचा भाग उडण्याच्या स्नायूंमुळे चांगला फुगीर असतो आणि पोटही मोठं, नर बारकुडा आणि डोकं एवढुसं. नर थोड्याच दिवसांत मरतो, तेव्हा त्याला ट्यूबमध्ये (राणी ठेवायच्या काचेच्या परीक्षानळीत) घालून "माझी राणी गेली हो" म्हणून कळवू नका.

प्रश्न: शोधायला कधी जायचं?

पाऊस पडून गेल्यावर, हवा दमट आणि वारा पडलेला असताना. बाकी प्रत्येक जातीची वेळ वेगळी, काही दिवसा उडतात काही रात्री.

प्रश्न: मिलनानंतर राणी पंख टाकते म्हणतात, मग पंख गळलेली सापडली म्हणजे मिलन झालेलंच असतं ना?

बहुतेकदा, पण नक्की नाही. मिलन न होताही काही राण्या पंख टाकतात आणि अंडीही घालतात, फक्त त्या अंड्यांतून नरच निघतात. पहिली कामकरी मुंगी दिसेपर्यंत कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही, मीसुद्धा नाही.

प्रश्न: ट्यूबमध्ये ठेवलीय, रोज साखरपाणी देतोय, पण तीन आठवडे झाले आणि घातलेली अंडी गायब होतायत. काय चुकतंय?

रोज बघताय, हेच चुकतंय! ट्यूबचा तिसरा हिस्सा पाणी, त्यावर घट्ट कापूस, मग राणी, तोंडाला परत कापूस, आणि ट्यूब अंधारात, जिथे हादरे बसणार नाहीत अशा जागी. बस. रोज उजेडात काढून, हलवून, मित्रांना दाखवून तुम्ही तिला घाबरवताय आणि घाबरलेली राणी स्वतःचीच अंडी खाते. बऱ्याच जातींच्या राण्यांना पहिल्या कामकरी येईपर्यंत खायला काहीच लागत नाही, न लागणारे उडायचे स्नायू विरघळवून त्यावरच त्या पहिली पिल्लं वाढवतात. साखरपाण्याने फक्त बुरशी येईल. पण थांबा, काही जातींच्या राण्या या काळातही बाहेर पडून शिकार करतात, त्यांना अन्न दिलं नाही तर त्या उपाशी मरतील. म्हणून जात कुठली ते आधी कळायला हवं, आणि ते कुणीतरी व्हिडिओत म्हणालं म्हणून नाही, वरून-बाजूने स्पष्ट फोटो काढून आणि लांबी मोजून जवळच्या कॉलेजातल्या कीटकशास्त्राच्या माणसाला विचारा.

प्रश्न: सरळ वारूळ खणून राणी काढली तर?

नको. राणी बऱ्याचदा खूप खोल असते, फावड्याखाली तीच चिरडते आणि मागे राहिलेली कॉलनी संपते. शिवाय डायाकामा नावाच्या गटासारख्या काही मुंग्यांत वेगळी राणी नसतेच, एक कामकरीच मिलन करून अंडी घालते, तिथे तुम्ही दिवसभर काय शोधणार?

प्रश्न: ऑनलाइन एक जण परदेशी राणी विकतोय, "मिलनाची गॅरंटी, कुरियरने घरपोच". घेऊ का?

हा प्रश्न दर हंगामात येतो आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. गॅरंटी कसली? वर सांगितलं ना, कामकरी येईपर्यंत कुणालाच कळत नाही, मग पंख गळलेली राणी दाखवून हा कसली गॅरंटी देतोय? फोटो कुठूनतरी उचललेला, जातीचं नाव अंदाजाने टाकलेलं, आणि राणीला शिकार लागते की नाही हे विचारलं तर उत्तर नाही. (मुंग्या पाळायला म्हणून निळ्या जेलीचे डबे विकणारे याच माळेतले, आत नुसत्या कामकरी, राणी नाही, म्हणजे काही महिन्यांत डबा रिकामा.) पण पैसे बुडाले तर बुडाले, माझी खरी भीती वेगळीच आहे. एक राणी निसटली तर अख्खी कॉलनी निसटल्यासारखंच आहे. दक्षिण अमेरिकेतली लाल आगमुंगी 1930 च्या दशकात जहाजांतून अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या मोबाईल नावाच्या बंदरात उतरली आणि दक्षिणेकडच्या राज्यांत पसरली, आजही ती हटलेली नाही. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर बाहेरून आलेल्या पिवळ्या मुंग्यांनी फॉर्मिक आम्ल फवारून लाखो लाल खेकडे मारले. आणि कायद्याचं म्हणाल तर 2025 मध्ये केनियात बेल्जियमच्या दोन तरुणांना सुमारे 5000 मुंग्या चोरून देशाबाहेर नेण्याच्या प्रकरणात प्रत्येकी 10 लाख शिलिंग दंड, नाहीतर 12 महिने कैद अशी शिक्षा झाली. तेव्हा "मुंगीच तर आहे" हे मला ऐकवू नका. अमेरिकेत तर राणी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायलाही परवाना लागतो. तुमच्याकडचा नियम काय ते वनखात्याला किंवा शेतीखात्याला विचारा, विकणाऱ्याला नाही. आणि तुमच्या आसपास फुकट उडणाऱ्या राण्या असताना परदेशातली हवीच कशाला?

प्रश्न: राणी एकटी कंटाळेल म्हणून बाहेरच्या चार कामकरी आत सोडल्या तर चालेल?

त्या तिला मारून टाकतील.

प्रश्न: पकडताना मुंगी चावली, बोट सुजलंय.

धुवा, गार पाण्याची पट्टी ठेवा, सूज वाढली तर डॉक्टर. श्वास लागत असेल, ओठ सुजत असतील किंवा चक्कर येत असेल तर मला मेसेज करत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

प्रश्न: कॉलनीचा कंटाळा आला, बागेत सोडून देऊ?

जिथे पकडली होती तिथलीच जात असेल आणि तिथेच सोडणार असाल तर ठीक, पण आधी ओळख पक्की करून घ्या. विकत घेतलेली किंवा लांबून आणलेली असेल तर अजिबात सोडू नका, आधी कीटकशास्त्रज्ञाला विचारा. आणि पुढची राणी उचलायच्या आधी हेही ध्यानात घ्या की काळ्या बागमुंगीची एक राणी पाळलेल्या अवस्थेत 28 वर्षांहून जास्त जगली होती.