नम्र माणसाने बोलायचंच नाही का?

चर्चला नेमाने जाणाऱ्या बायका मला हे फार विचारतात. बोललं की गर्व होतो, गप्प बसलं की घुसमट होते. मग करायचं तरी काय?

त्यातल्याच एक, वसईहून लग्न होऊन इंदूरला आलेल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) रविवारी चर्चमधल्या मिस्सा-उपासनेनंतर सगळं घर एकत्र जेवतं. मोठ्या जाऊबाई माहेरावरून टोमणा मारतात, बाकीचे हसतात, ह्या ताटात बघत राहतात.

"राणी मारियांच्या बहिणीने खुन्याला जेलमध्ये जाऊन राखी बांधली, मॅडम. आणि मला एक टोमणा सोसवत नाही!"

सिस्टर राणी मारिया ह्या कॅथॉलिक नन, 1995 मध्ये उदयनगरहून इंदूरला येताना मारल्या गेल्या. 2017 मध्ये इंदुरातच चर्चने त्यांना 'धन्य', म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. एवढ्या मोठ्या क्षमेशी ही बाई दर रविवारी स्वतःची तुलना करत होती आणि दर रविवारी हरत होती.

"जेवण झाल्यावर काय करता?" मी विचारलं.

"बहिणीला फोन. तासभर तरी. चर्चमधल्या एका मैत्रिणीलाही सांगते कधी." मग लगेच, "पण मी खोटं कुठे सांगते?"

खरी गाठ इथे होती. कॅथॉलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात, परिच्छेद 2477 मध्ये, उतावळेपणाने दुसऱ्याला दोषी ठरवणं आणि खोटा आळ घेणं यांच्याबरोबरच तिसरा अपराध सांगितला आहे: खरा दोषसुद्धा सबळ कारणाशिवाय तिसऱ्याच्या कानावर घालणं. त्यांनी ते दोनदा वाचलं. टेबलावर गप्प राहणं हा आपला नम्रपणा, असं त्या धरून चालल्या होत्या. पण जीभ गप्प नव्हतीच, फक्त जिच्याशी बोलायचं तिला सोडून बोलत होती. बायबलमधला याकोब आपल्या पत्रात जिभेला रान पेटवणारी ठिणगी म्हणतो, तो याच कारणाने.

प्रमुख याजकापुढे शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा येशूसुद्धा गप्प राहिला नाही. मी चुकीचं बोललो असेन तर दाखवून दे, बरोबर बोललो असेन तर का मारतोस, असं त्याने विचारलं. शिवी नाही, शाप नाही, सरळ प्रश्न. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, तोच सांगतो, भावाने अपराध केला तर आधी त्याला एकट्याला गाठून सांग.

मग आम्ही वाक्य लिहायला बसलो. पहिलं आलं, "तुम्ही नेहमी माझा पाणउतारा करता." 'नेहमी' खोडलं, कारण ते खरं नव्हतं. 'पाणउतारा'ही गेला, कारण जाऊबाईंच्या मनात काय होतं ते आपल्याला ठाऊक नाही. उरलं ते असं: "ताई, परवा सगळ्यांसमोर आईच्या हातच्या कालवणावरून बोललात, ते मला लागलं. काही असेल तर मला एकटीला सांगत जा."

मटार सोलताना त्यांनी ते सांगितलं. जाऊबाई आधी म्हणाल्या, "अगं, गंमत केली." मग बराच वेळ नुसतं सोलणंच चाललं. टोमणे थांबले नाहीत, कमी झाले. पण बहिणीच्या फोनात आता जाऊबाई क्वचित येतात.

घरात मारहाण किंवा धमक्या असतील तर मात्र एकटीने जाऊन बोलू नका. माहेरी सांगा, फादरांना सांगा, पोलिसांत जा. मदतीसाठी सांगणं हे सबळ कारण आहे, त्याला चहाडी म्हणत नाहीत.