पावसाळ्यातला वर्ग आणि श्रवणयंत्र लावणारी विद्यार्थिनी

प्रश्न : देवगड तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी तिसरी आणि चौथी एकाच खोलीत शिकवते. तिसरीतील एका मुलीला दोन्ही कानांना श्रवणयंत्रे आहेत. दुसरीत असताना, उन्हाळ्यापर्यंत ती छान उत्तरे देत असे. पाऊस सुरू झाल्यापासून मात्र ती गप्प असते, विचारले की मान डोलावते आणि वहीत भलतेच काही लिहिते. शाळेचे छप्पर पत्र्याचे आहे. मी शिकवण्यात काय बदल करावा?
– एक शिक्षिका

उत्तर : मुलीच्या गप्प होण्याचा संबंध आपण पावसाशी जोडलात, तो अगदी योग्य आहे. श्रवणयंत्र आपला आवाज मोठा करते, तसाच पत्र्यावरच्या सरींचा आणि शेजारी चाललेल्या चौथीच्या पाढ्यांचाही करते. त्या गदारोळातून शब्द वेचून काढण्याचे काम तिच्या मेंदूलाच करावे लागते आणि दोन-तीन तासांत ती थकून जाते. त्यामुळे तिच्या गप्प बसण्याला कंटाळा किंवा आळस समजू नये.

सर्वप्रथम यंत्रे चालू आहेत का, हे रोज सकाळी पाहावे. साधारण एक मीटर अंतरावर बसून, तोंडासमोर कागद आडवा धरून ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’, ‘म्’, ‘श्’, ‘स्’ हे सहा ध्वनी क्रम बदलून नेहमीच्या आवाजात उच्चारावेत आणि तिला ते पुन्हा म्हणायला सांगावे. काल ऐकू आलेला ‘स्’ आज आला नाही, तर यंत्रात काहीतरी बिघडले आहे असे समजावे. कोकणातील दमट, खारट हवेत कानातल्या साच्याच्या नळीत पाण्याचे बारीक थेंब साचतात आणि आवाज अडतो. रात्री यंत्रातील सेल काढून, यंत्र सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे, हे तिच्या आईवडिलांना प्रत्यक्ष करून दाखवावे. यंत्र चुलीजवळ किंवा उन्हात वाळवू नये.

आता वर्गाविषयी. मुसळधार सर कोसळत असताना तोंडी पाठ चालवण्याचा अट्टहास सोडून द्यावा आणि त्या वेळात वाचन, लेखन, चित्रे, मणी-काड्यांची गणिते असे काम घ्यावे. नवा पाठ, गोष्ट, चर्चा उघडीप पडल्यावर घ्यावी. हा बदल वरवर किरकोळ वाटला, तरी माझ्या मते सर्वांत जास्त उपयोग याचाच होईल, आणि तो बाकीच्या मुलांच्याही हिताचा आहे, कारण त्या आवाजात त्यांनाही अर्धेच ऐकू येत असते. तिसरीचे तोंडी काम चालू असताना चौथीला मूकवाचन किंवा लेखन द्यावे.

मुलीला पुढे बसवले म्हणजे झाले, असे नाही. पावसाळी अंधारात आपण खिडकीकडे पाठ करून उभ्या राहिलात, तर आपला चेहरा काळवंडतो आणि तिला ओठ दिसत नाहीत. म्हणून उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल अशी जागा निवडावी. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. आधी लिहावे, मग वळून बोलावे. ओरडून किंवा शब्द तोडून बोलल्यास ओठांचे आकार बिघडतात. मुले अर्धवर्तुळात बसवल्यास कोण बोलते आहे ते तिला दिसेल, आणि मागच्या मुलाने दिलेले उत्तर आपण एकदा पुन्हा उच्चारावे.

ओठांवरून सगळे कळते, हा मात्र गैरसमज आहे. ‘पाट’ आणि ‘माठ’ हे शब्द ओठांवर सारखेच दिसतात, तर क, ख, ग, घ हे ध्वनी घशाजवळ होत असल्याने दिसतच नाहीत. म्हणून पाठातील नवे शब्द आधीच फळ्यावर लिहून, शक्य तेथे वस्तू दाखवून मगच बोलावे. ‘समजले का?’ असे विचारू नये, कारण त्यावर ती मानच डोलावणार. ‘आता तू काय करणार आहेस, सांग’ असे विचारल्यास नेमके कुठे अडले ते कळेल.

प्रश्न : माझे सहकारी म्हणतात की, श्रुतलेखनात तिला सवलत देणे हा इतरांवर अन्याय आहे. त्यांना काय सांगावे?
– तीच शिक्षिका

उत्तर : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील कलम 16 व 17 नुसार मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करणे आणि अभ्यासक्रमात व परीक्षापद्धतीत योग्य बदल करणे अपेक्षित आहे. हा तिचा हक्क आहे, कोणी केलेली मेहेरबानी नव्हे. श्रुतलेखनातून आपल्याला तिचे लेखन तपासायचे आहे, श्रवण नव्हे. ते उघडीप असताना, समोरासमोर बसून, सुटे शब्द न घेता पूर्ण वाक्यांतून घ्यावे. ‘झाडाला’, ‘झाडाने’, ‘झाडात’ यांतील शेवटचे प्रत्यय हळू उच्चारले जातात आणि तिच्या कानावरून निसटतात. ते चुकल्यास गुण कापून थांबू नये, तर तीच वाक्ये फळ्यावर लिहून प्रत्यय रंगीत खडूने दाखवावेत. गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे काम पाहणाऱ्या विशेष शिक्षकांना या वह्या दाखवाव्यात आणि शक्य झाल्यास भर पावसाच्या दिवशीच वर्ग पाहायला बोलवावे.