वडील खासगी कंपनीतून निवृत्त, आई गृहिणी : ज्येष्ठांसाठीच्या सरकारी पेन्शन आणि सवलतींपैकी त्यांना नेमकं काय मिळेल?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: वडील ६७ वर्षांचे, नाशिकच्या सातपूरमधल्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त, पीएफची पेन्शन महिन्याला २,१४० रुपये. आई ६३, कायम घरीच. दिंडोरी तालुक्यात विधवा आत्या, वय ६८, एकट्या राहतात आणि अजूनही द्राक्षबागेत मजुरीला जातात. शिवाय एक एजंट म्हणतोय, पाच हजार द्या, वडिलांना श्रावणबाळ लावून देतो. मी अंबडच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होतो आणि आता आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात लोकांचे पेन्शनचे कागद बघून देतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एजंटला नाही म्हणा. राज्य सरकारच्या श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षं पूर्ण झालेल्या निराधारांना दरमहा १,५०० रुपये मिळतात, पण त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं. वडिलांची पेन्शन वर्षाला २५,६८० रुपये होते. म्हणजे घरात दुसरा एक रुपया येत नसला तरी ते बसत नाहीत. २,१४० रुपयांत महिना काढणारा माणूस निराधार नाही असं मानणारी ही मर्यादा वाढलीच पाहिजे, हे मी भेटेल त्या लोकप्रतिनिधीला सांगतो. पण मर्यादा अन्यायाची आहे म्हणून उत्पन्नाचा खोटा दाखला काढू नका. एजंट नेमकं तेच करणार. पुढे तपासणीत उघडं पडलं की वसुली निघते ती वडिलांच्या नावावर. तोवर एजंटचा फोन बंद झालेला असतो.

तुमच्या घरातली खरी पेन्शन म्हणजे ईपीएस-९५, म्हणजे पीएफमधली कर्मचारी पेन्शन योजना, आणि तिचेच कागद लोक एकदा मिळाले की कपाटात टाकून देतात. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, बाहेर काढा आणि सेवेची वर्षं किती धरलीत ते बघा. हिशेब साधा आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगाराला मर्यादा आहे. सप्टेंबर २०१४ पासून ती १५,००० आहे, त्याआधी ६,५०० होती आणि त्याहीआधी ५,०००. त्यामुळे जन्मभर राबलेल्या माणसाच्या हातात दोन-तीन हजारच पडतात. पण २० किंवा त्याहून जास्त वर्षं सेवा करून ५८ व्या वर्षी निवृत्त झालेल्याला त्या सेवेत आणखी २ वर्षं मिळवून दिली जातात. ती धरलीत का? आणि सातपूरला एका कंपनीतून दुसरीत गेलेल्यांचा पहिल्या कंपनीचा पीएफ नंबर कित्येकदा जोडलेलाच नसतो. वडिलांनी आधी कुठे नोकरी केली होती का, हे शांतपणे बसून विचारा. जुनी पगारपत्रकं, पीएफच्या चिठ्ठ्या मिळाल्या तर त्या घेऊन पीएफ कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, पण माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. आईचं काय? वडिलांच्या पश्चात आईला त्यांच्या पेन्शनच्या निम्मी, म्हणजे १,०७० रुपये मिळतील. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती आईच्या हक्काची आणि तिच्या स्वतःच्या हातात येणारी. ती अडते फक्त नावात. पीपीओवर ‘सिंधू’, आधारवर ‘सिंधुबाई’, बँकेत माहेरचं मधलं नाव, जन्मवर्ष तिन्ही ठिकाणी वेगळं. आमच्याकडे आलेल्या एका बाईंच्या कागदांची अशीच अवस्था होती. नवरा गेल्यावर त्या प्रतिज्ञापत्रं करत फिरत होत्या, आणि प्रत्येक खिडकीवर त्यांना विचारलं जायचं की या दोन्ही तुम्हीच कशावरून? वडील हयात असताना, त्यांच्या सहीनं, हीच दुरुस्ती कितीतरी सोपी जाते. घरात हा विषय काढायला जड वाटतं, मला कळतं. तरी काढा. पीपीओवरचं नाव, आधार, पासबुक आणि रेशनकार्ड एकासारखं एक करून घ्या, आणि बँक परवानगी देत असेल तर पेन्शनचं खातं दोघांच्या नावावर करा.

हयातीचा दाखला ईपीएस पेन्शनरनं वर्षात कधीही दिला तरी चालतो, तो तिथून १२ महिने धरतात. नोव्हेंबरच्या गर्दीत जायचं कारण नाही. फिटर, टर्नर मंडळींच्या बोटांच्या रेषा हत्यारांनी झिजलेल्या असतात. यंत्रावर अंगठा पुसून पुसून ठेवला तरी लाल दिवाच लागतो आणि माणूस ओशाळतो. तसं झालं तर वडिलांना परत परत रांगेत उभं करू नका. मोबाईलवर जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन ॲप घ्या, चेहरा दाखवून घरबसल्या काम होतं.

पीएफचे पैसे शिल्लक असतील तर पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा. वय ६० पूर्ण लागतं, सध्या व्याज ८.२ टक्के, दर तीन महिन्यांनी खात्यात जमा. खातं उघडतानाचा दर ५ वर्षं तसाच राहतो. ८ लाख ठेवले तर तिमाहीला १६,४०० रुपये येतात. कमाल मर्यादा ३० लाख, म्हणजे तुमच्यासारख्यांना ती आडवी येत नाही. इथंही मी म्हणेन की थोडी रक्कम आईच्या स्वतंत्र खात्यात ठेवा, तीही ६० च्या पुढे आहे. जास्त व्याजाच्या नादानं एखाद्या पतसंस्थेत किंवा ओळखीच्या माणसाच्या स्कीममध्ये म्हातारपणाची पुंजी अजिबात टाकू नका. नाशिकमध्ये असे हात पोळलेले लोक हवे तेवढे भेटतील.

बाकीचं भराभर सांगतो. वडिलांना एसटीत अर्धं तिकीट आहेच, ७५ नंतर पूर्ण मोफत. आईला महिला म्हणून आत्ताच अर्धं. रेल्वेची सवलत २०२० मध्ये थांबली ती परत आलेली नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या वरच्यांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. त्याला उत्पन्नाची मर्यादा २ लाख आहे, तेव्हा वडील बसतात. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. आईला लाडकी बहीणचे पैसे येत असतील तर ते ६५ ला थांबतील, त्यांच्यावर किराणा बांधून ठेवू नका. दवाखान्यासाठी आत्ता रेशनकार्डावर महात्मा फुले योजना आहे, आणि ७० पूर्ण झाल्यावर उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. वडिलांना त्याला तीन वर्षं आहेत, पण आधारवरची जन्मतारीख आत्ताच तपासून ठेवा. तिथं फक्त आधारचं वय चालतं.

आत्यांसाठी मात्र उद्याच हालचाल करा. मजुरी धरूनही त्यांचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत असेल तर श्रावणबाळ ही त्यांचीच योजना आहे, आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर केंद्राची इंदिरा गांधी वृद्धापकाळ पेन्शनही त्यातच जोडली जाते. अर्ज नाशिकला नाही, दिंडोरी तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजना शाखेत. आधार, रेशनकार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहत असल्याचा रहिवासी दाखला, पासबुक. शाळेचा दाखला नसेल तर वयासाठी सरकारी रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला चालतो. अर्ज समितीपुढे जातो, त्यामुळे वेळ लागतो. पोच जपून ठेवा आणि मंजुरीच्या यादीत नाव आलं का ते तलाठ्याकडे विचारत राहा.

मंजूर झाल्यावरही पैसे दिसले नाहीत तर लगेच तक्रार करू नका. आता अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जातं, आणि ते खातं बहुतेकदा आपण दिलेल्या पासबुकाचं नसतं. कधीतरी उघडलेल्या जुन्या जनधन खात्याला आधार जोडलेला असतो आणि पैसे महिनोन्महिने तिथं साठत राहतात. आत्यांच्या सगळ्या बँकांत जाऊन आधार कुठे जोडलाय ते आधी विचारा. पासबुक आणि एटीएम कार्ड त्यांच्याच जवळ राहू द्या, पैसे काढायला सोबत हवी असेल तर तुम्ही जा.