मंडळ, मंदिर आणि सिटी हॉल : न्यूयॉर्कच्या वाचकांना उत्तरं

गणपती जवळ आले की न्यूयॉर्कमधल्या मंदिरांचे विश्वस्त आणि मंडळांचे चिटणीस मला तेच ते प्रश्न पाठवतात. यंदाही आलेच.

प्रश्न : सिटी कौन्सिलच्या सभेआधी आमच्या गुरुजींना प्रार्थना म्हणता येईल का?

येईल. तुमच्या कौन्सिल मेंबरच्या ऑफिसात विचारा.

प्रश्न : भाचीच्या लग्नासाठी मामांनी इंटरनेटवरून 'धर्मगुरू' असल्याचं सर्टिफिकेट मागवलंय. ते लग्न लावू शकतील ना?

मंगलाष्टकं खुशाल म्हणू द्या. कायद्याच्या दृष्टीनं म्हणाल, तर असल्या विकतच्या दीक्षेबद्दल न्यूयॉर्कच्या कोर्टांत एकवाक्यता नाही, आणि सर्टिफिकेट विकणारा हे सांगत नाही. २०२३ पासून राज्यात एका दिवसापुरतं लग्न लावायचं लायसन्स मिळतं, फी २५ डॉलर. ते सिटी क्लर्ककडून, म्हणजे शहराच्या लग्न-नोंदणी ऑफिसातून, वेळेत घ्या. शहरात लग्नं लावणाऱ्या गुरुजींचीही तिथे नोंदणी लागते. आणि मॅरेज लायसन्स हातात पडल्यावर २४ तास थांबावं लागतं. मला त्यासाठी आदल्या रात्री फोन येतात.

प्रश्न : आमच्या बेसमेंटमध्ये दर गुरुवारी शंभरेक माणसं आरतीला जमतात. धर्माचं काम आहे, शहर हात लावू शकत नाही, असं एकानं सांगितलं.

त्या एकालाच दंड भरायला सांगा. २००० सालचा फेडरल कायदा धर्मस्थळांना झोनिंगमधल्या (कुठल्या जागी काय चालेल याच्या नियमांतल्या) भेदभावापासून वाचवतो, आगीच्या नियमांतून सोडवत नाही. ७५ किंवा जास्त माणसं आत जमणार तर इमारत खात्याची वेगळी परवानगी लागते. बाहेर पडायला दुसरा जिना आहे का? आर्किटेक्टला दाखवा. तोवर आरती भाड्याच्या हॉलमध्ये.

प्रश्न : निवडणुकीतला एक उमेदवार मंडळाच्या आरतीला येणार आहे. जॉन्सन दुरुस्ती उठली, आता स्टेजवरून पाठिंबा दिला तरी चालतो, असं व्हॉट्सॲपवर आलंय. खरं का?

उठलेली नाही. करमाफी घेणाऱ्या ५०१(सी)(३) संस्थांनी उमेदवाराचा प्रचार करायचा नाही, हा नियम म्हणजेच जॉन्सन दुरुस्ती, आणि ती १९५४ पासून कायद्यात आहे. जुलै २०२५ मध्ये आयआरएसनं, म्हणजे फेडरल कर खात्यानं, टेक्सासच्या एका खटल्यात तडजोडीचा मसुदा कोर्टापुढे ठेवला : प्रार्थनेच्या वेळी आपल्याच भक्तांशी श्रद्धेच्या अंगानं बोललेलं प्रचारात धरू नये. खटला चर्चचा, आणि मसुदा म्हणजे कायदा नव्हे. तुमचं तर सांस्कृतिक मंडळ आहे, देऊळसुद्धा नाही! मग कुठल्या जोरावर माइक हातात देताय?

एका मंडळाचे चिटणीस माझ्याकडे चेकबुक घेऊन आले होते. उमेदवाराच्या प्रचार खात्याला ५०० डॉलर, मंडळाच्या खात्यातून, आणि स्थळप्रतीवर लिहिलेलं 'वर्गणी'. चेक नुकताच पोस्टात पडला होता. "आधी का नाही विचारलंत?" तर म्हणे, "सगळेच देतात." मी त्यांना तिथूनच बँकेला फोन करून तो थांबवायला लावला.

उमेदवाराला आरतीचं ताट द्या, प्रसाद द्या. बोलावणं समोरच्या उमेदवारालाही जाऊ दे. मतांची भाषा नको, देणगीची पेटी नको. बॅनर छापायला टाकण्यापूर्वी मजकूर वकिलाला दाखवा. छापून झाल्यावर दाखवणारेच फार.

प्रश्न : गुरुजी स्वतः कौन्सिलला उभे राहिले तर?

नागरिक असतील तर राहू देत. पाद्र्यांना निवडणूक लढवायला टेनेसीनं घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच रद्द केली. मंदिराची ईमेल यादी मात्र प्रचाराला द्यायची नाही. अर्ज भरण्याआधी त्यांना वकिलाकडे पाठवा.